बिननावाचा सिनेमा आणि प्राजूचं लग्न

शनि. ११ ऑक्टो.

आज दुपारी बारा ते तीन मी भूत होते. बाकी दिवस नेहमीसारखा. सकाळी दोन थ्रेडिंग, एक फेशियल, मग पार्लरला कुलूप आणि थेट पाटापलीकडच्या उसात.

सागर माझा सख्खा भाचा, पण शूटिंगला उभा राहिला की कुणाचा कुणी नसतो. "आत्या, पापणी हलली" म्हणून तीनदा परत चालायला लावलं. उसाची पानं कापतात किती ते त्याला काय माहीत, नगरच्या फ्लॅटमध्ये वाढलेला.

त्याचं म्हणणं असं. भुताच्या सिनेमात धूर, पैंजण, म्युझिक आलं की माणसं निवांत बसतात, कारण कळतं की सिनेमा आहे. त्याला ते नकोय. कुणाचा तरी मोबाईल उसात पडलेला सापडला आणि त्यात हे सगळं निघालं, असं वाटलं पाहिजे. म्हणून सिनेमाला नावच ठेवायचं नाही. माणसांची नावंसुद्धा खरीच. मी रेखा, हे दिलीप, घर आमचंच. आणि अंधार अजिबात नाही, सगळं भर उन्हात. बारा वाजता विहिरीवर जाऊ नये, हे इकडं प्रत्येकाला लहानपणीच सांगितलेलं असतं. सागर म्हणतो, रात्रीला बॅटरी असते आत्या, दुपारला काय लावणार? पोरगा हुशार आहे. माझ्या भावावर गेला नाही.

गोष्ट एवढीशीच. दिलीप विहिरीत बुडून मरतो. रेखाला ते पटत नाही. ती रोज दुपारी त्याचा डबा घेऊन उसात जाते, हाका मारते, होता होता स्वतःच भूत होते, आणि जो कोणी ओ देतो तो परत येत नाही.

हे मेले ते फार छान मेले. फक्त पोट हलत होतं. "जन्मात पहिल्यांदा कुणी दुपारी झोप म्हणालं, त्यात पण चुका काढतात," असं पांढऱ्या कपड्याखालून म्हणाले आणि सगळं युनिट हसलं. युनिट म्हणजे चार जण. मोटार रिवाइंडिंगचं दुकान दोन दिवस बंद ठेवलंय ह्यांनी या मरणासाठी.


रवि. १२ ऑक्टो.

बांगड्यांचा सीन झाला. आमच्याच उंबऱ्यावर. खोट्या काचेच्या मिळाल्या नाहीत, म्हणून हातातल्याच हिरव्या.

एका टेकमध्ये झाला. सागर कट म्हणायचा विसरला. शेवटी हे बाजेवरून उठून म्हणाले, झालं का, चहा टाका.

काचा मीच झाडल्या. मनगटावर दोन ओरखडे. पिठलं केलं आणि दोन भाकरी खाल्ल्या. एवढी भूक कशी लागली कुणास ठाऊक. झोप पण मस्त.


शुक्र. २४ ऑक्टो.

दिवाळी पार पडली. चकली यंदा जमली. शेजारच्या सुनीताची शेव माझ्यापेक्षा बरी झाली, हे इथंच लिहिते, तिला सांगणार नाही.

तिच्या प्राजूचं पक्कं झालं. ४ डिसेंबर, राहुरीच्या कार्यालयात. मुलगा भिंगारचा, कॅन्टोन्मेंटमध्ये नोकरीला. बघायला शांत वाटला.

प्राजू चार वर्षांची असताना पार्लरच्या फिरत्या खुर्चीत बसून "मला नवरी कर" म्हणायची. मी लिपस्टिकचा ठिपका लावायचे नि ती दिवसभर तोंड मिटून बसायची, पुसेल म्हणून. आमचं काही झालं नाही, म्हणजे मूल. त्याचं आता काही नाही. पण ह्या पोरीची नवरी मी करायची हे तेव्हापासून ठरलेलं, कुणी न ठरवता. आज येऊन गळ्यात पडली. "काकू, चौघी नवऱ्या तुझ्या हातच्या बघून ठेवल्यात, पण मला त्यांच्यापेक्षा भारी."

बघू म्हटलं. मनात आत्तापासून मेकअपचा बेस लावायला घेतलाय.


गुरु. ६ नोव्हें.

सागरनं तीन मिनिटांचा तुकडा पाठवला, बघून सांगा म्हणून. बांगड्यांचाच. ना सुरुवातीला काही लिहिलेलं, ना शेवटी.

मी बघितला. बंद केला. परत बघितला.

ह्यांना इतका आवडला की जेवण सोडून 'आपले नातेवाईक' ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं का, विचारलं. म्हणाले, लिहायचं काय, दिसतंय की.


शुक्र. ७ नोव्हें.

सकाळी साडेदहा. हे अंगणात दात घासत उभे (दुकान उशिरा उघडायचं होतं). दारात रिक्षा थांबली. पारनेरच्या मामी, म्हणजे ह्यांच्या आईच्या भावजय, वय पंच्याहत्तर, दोन सुनांना घेऊन उतरल्या त्या रडतच. फाटकातून "माझ्या दिल्या रं" करत आत आल्या आणि समोर दिल्या, तोंडात फेस.

मामी मटकन खाली बसल्या. थोरल्या सुनेच्या हातात पिशवी होती. मला साडी, दुखवट्याची.

तेवढ्यात ह्यांनी चूळ भरली आणि वाकून नमस्कार केला. मामींनी दोन्ही हातांनी ह्यांचं तोंड चाचपलं, कान ओढला. "दिल्या, तू तर गेल्ता ना रं? आमी बघितलं की मोबाईलवर. ही बांगड्या फोडीत हुती."

मग मी सगळं सांगितलं. सिनेमा, सागर, खोटं मरण. मामींनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, बरं झालं, खोटी बातमी आली की आयुष्य वाढतंय. मग चहा, पोहे. जाताना साडी परत न्यायला तयार नाहीत. आणलेली वस्तू म्हाघारी न्यायची न्हाई म्हणे. शेवटी सुनेनं पिशवी उचलली. मामी दारात थांबून मला एकटीला म्हणाल्या, "पन तू लई खरं केलंस गं बाय. असं करू नये."

त्या गेल्यावर हे पोट धरून हसले. मी पण हसले.


सोम. १० नोव्हें.

क्लिप राहुरीत, श्रीरामपूरला, नगरला. कुणी खाली लिहिलंय 'प्रवरेकाठची सत्य घटना', कुणी 'पोलिसांना सापडलेला मोबाईल'. सागर खूश. एवढी जाहिरात फुकट कुणाला मिळते, म्हणतो. मी म्हटलं, माझ्या पार्लरला येऊन बघ काय मिळतंय.

थ्रेडिंगला आलेल्या मुलीला म्हटलं, डोळे मीट आणि वरची कातडी ताणून धर. ती एकच डोळा मिटते, दुसरा माझ्यावर. एका डोळ्यानं भुवई कशी करायची? दुसरी म्हणाली फेशियल करा, पण लाईट घालवू नका. तिसरीला काही करायचंच नव्हतं, बसून बघत होती मला. निघताना सेल्फी मागितला.

भाजीवाल्या आक्कांनी मेथीची जुडी हातात न देता पाटीवर ठेवली. आणि मग लाजल्या. वीस वर्षं मी त्यांच्याकडून मेथी घेते.

ह्यांचं वेगळंच. दुकानात येणारे आधी चिमटा काढतात, मग मोटार दाखवतात. मजेत आहेत. म्हणे, जिवंत असल्याचं एवढं कौतुक याआधी झालं नव्हतं.


शुक्र. १४ नोव्हें.

सुनीता चार दिवस आली नाही. रोज दोनदा भिंतीवरून हाक मारणारी बाई. आज मीच गेले. प्राजूच्या ट्रायलचा दिवस ठरवू म्हटलं.

मेथी निवडत होती. मान वर केली नाही. म्हणाली, भिंगारच्या विहीणबाईंनी क्लिप बघितली. मग म्हणाली, मी पण.

मी म्हटलं, सिनेमा आहे गं, तुला माहीत नाही का.

"माहीत आहे. पण क्लिपमध्ये मागं आमची भिंत आहे रेखाताई. भिंतीवर प्राजूची पिवळी ओढणी वाळतेय."

मला ते दिसलंच नव्हतं. घरी येऊन बघितलं. खरंच आहे. मी उंबऱ्यावर हात आपटतेय आणि माझ्या खांद्यामागं ओढणी हलतेय वाऱ्यानं. सागरनं ओढणी काढायला सांगितली असती, पण खरं वाटावं म्हणून त्यानं काहीच हलवू दिलं नव्हतं.


रवि. १६ नोव्हें.

सुनीता आली. उभ्यानंच बोलली. नगरहून एक मेकअपवाली बोलावताहेत. विहीणबाईंनी सुचवली. सवाष्णीनं जिवंत नवऱ्यासमोर बांगड्या फोडल्या, तिचा हात हळदीच्या पोरीला नको, असं त्यांचं म्हणणं.

मी विचारलं, आणि तुझं?

ती दाराकडं वळली. म्हणजे तिचं पण तेच.

बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार. गेल्यावर पार्लरचा आरसा पुसत बसले, स्वच्छच होता. चिडले होते. सुनीतावर नाही, विहीणबाईंवर पण नाही. स्वतःवर थोडी. सागरवर बरीच. त्याला फोन करून वाट्टेल ते बोलले. बिचारा ऐकत राहिला, शेवटी म्हणाला, आत्या, क्लिप काढून टाकू का? म्हटलं, कुठून कुठून काढशील?

इथं तरी सरळ लिहिते. मला ह्या पोरीची नवरी करायची आहे. बाकी हजार नवऱ्या कुणीही करो.


बुध. १९ नोव्हें.

हे म्हणाले, मी जाऊन सांगू का सुनीताच्या नवऱ्याला? तू काय सांगणार, म्हटलं. म्हणाले, सांगतो की मी मेलो नाही.

प्राजू संध्याकाळी मागच्या दारानं आली. रडून डोळे सुजलेले. दुसऱ्या कुणासमोर बसणार नाही म्हणाली, लग्नाला मी अशीच उभी राहीन, तोंड धुऊन. मी तिला चांगली झापली. आईशी असं वागायचं नाही. मग फ्रीजमधले बटाट्याचे काप काढून तिच्या डोळ्यांवर ठेवले. पंधरा मिनिटं तसेच राहू दिले. सूज उतरली.

सागर म्हणतो, लोकांनी तुकडा बघितलाय म्हणून ते खरं धरतात. अख्खा सिनेमा दाखवू. बघितला की कळेल. रविवारी दुपारी चारचं मंगल कार्यालय मिळतंय.


रवि. २३ नोव्हें.

शो झाला. कार्यालय भरलं. खुर्च्या कमी पडल्या, शेवटी सतरंज्या.

पहिली दहा मिनिटं लोक माझ्याकडंच वळून बघत होते. मग विसरले. सागरचं खरंच कौतुक, एक थेंब रक्त नाही, एक किंकाळी नाही. ऊस, ऊन आणि डबा घेऊन जाणारी बाई. बाई हाक मारते, "अहो, जेवायला येताय ना", एवढंच. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. मला स्वतःला भीती वाटली माझी.

संपल्यावर ठरल्याप्रमाणे हे स्टेजवर चढले, जिवंत असल्याचं दाखवायला. टाळ्या पडायच्या होत्या. पहिल्या रांगेतली बारकी पोरं आया सोडून पळाली. एक म्हातारे गृहस्थ पुढं आले, ह्यांची नाडी बघितली आणि "चालू हाय" म्हणून लोकांना सांगितलं. तेव्हा कुठं हशा पिकला.

मग सागरनं माईकवर सांगितलं, हे सगळं खोटं आहे. लोकांनी माना डोलवल्या. बाहेर पडताना एक बाई दुसरीला म्हणत होती, खोटं असंल, पन काय सांगावं. सागरचा चेहरा बघण्यासारखा होता. जे त्याला वर्षभर हवं होतं तेच आज नको होतं.

सुनीता आली होती. शेवटच्या रांगेत. बांगड्यांच्या सीनला पदर तोंडाला लावला तिनं, मी बघितलं. न भेटता गेली.


सोम. २४ नोव्हें.

दुपारी सुनीता आली. आज बसली. बराच वेळ फिरत्या खुर्चीचा हात नखानं खरवडत होती.

म्हणाली, बाकी सगळं मला सिनेमा वाटला. तुम्ही उसात चालता, डोळे वटारता, तिथं मला हसू आलं. पण बांगड्यांचं ते नाटक नव्हतं रेखाताई. मी तुम्हाला अठरा वर्षं ओळखते. तुम्हाला नाटक येत नाही.

मग मी सांगितलं. चार वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांना पण नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हे नगरला ॲडमिट, अकरावा दिवस. मी घरात एकटी. दुपारी पावणेबाराला फोन आला, तुमचे पेशंट गेले. पुढं काही सांगत होते ते ऐकलं नाही. फोन ठेवला आणि ओट्यापाशी खाली बसले. रडू आलं नाही. हातातल्या हिरव्या बांगड्या बघत राहिले. फोडायचं धाडस होईना. एकेक काढली आणि डाळीच्या रिकाम्या डब्यात ठेवली. झाकण लावलं. साडेबाराला परत फोन. चूक झाली ताई, शेजारच्या बेडचे गेले, तुमचे बरे आहेत, आज पेज प्यायले. मी डबा उघडला, बांगड्या घातल्या आणि कणीक मळली. खायला घरात कुणी नसताना सहा पोळ्या केल्या. नऊ दिवसांनी हे घरी आले. मग ते सांगायचं राहूनच गेलं, आणि राहिलं ते राहिलंच.

पाऊण तास मी विधवा होते. उंबऱ्यावर सागर "आता" म्हणाला, तेव्हा मला कॅमेरा दिसलाच नाही. तो डबा दिसला. त्या दिवशी जे हातून झालं नाही ते झालं आणि अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं हलकं वाटलं. हे समोर बाजेवर मेल्याचं सोंग करत होते, पोट हलत होतं. ते पोट हलताना दिसत होतं म्हणूनच हात आपटता आला मला.

सुनीता ऐकून घेतल्यावर म्हणाली, "मी भिंतीपलीकडंच होते. हाक का नाही मारली?"

तेव्हा कुणी कुणाच्या घरात जात नव्हतं, हे तिलाही माहीत आहे. दोघी रडलो. चहा झाला.

मला वाटलं, आता हो म्हणेल. उठताना म्हणाली, मला सगळं कळतंय. पण भीती जात नाही ना ओ. तुम्ही खोटं केलं असतं तर बरं झालं असतं.


मंगळ. २५ नोव्हें.

काल रात्री जेवताना ह्यांना पण सांगितलं. घास हातात तसाच राहिला. मग विचारलं, शेजारच्या बेडचं कोण होतं ते? मला माहीत नव्हतं. ह्यांना माहीत होतं. नेवाशाचे होते, वयानं ह्यांच्याएवढेच, ऊस एकरी किती टन पडतो यावरून ह्यांच्याशी वाद घालायचे. मास्कमधून.

आज दुकानातून लवकर आले. गरम जिलेबी आणली होती.


शनि. २९ नोव्हें.

सुनीताच्या दारात मांडव पडला. लायटिंगची माळ त्यांनी आमच्या भिंतीवरून पण सोडली, न विचारता. बरं वाटलं.

नगरची मेकअपवाली ४ तारखेला दुसरीकडं अडकलीय, असं प्राजू सांगत होती. खरं की हिनंच तिला फोन केला, देव जाणे. मी विचारलं नाही.


सोम. १ डिसें.

सुनीता निरोप घेऊन आली. विहीणबाईंशी बोलून ठरवलंय. चेहरा, केस, साडी, सगळं मी करायचं. कपाळ सोडून. चंद्रकोर ती स्वतः काढणार, आईच्या हातची. मुंडावळ्या प्राजूची मामी बांधेल.

म्हणजे भीती कपाळापुरती उरली.

प्राजू भडकली. म्हणाली, असं अर्धं अर्धं काय, काकू तू नाही म्हण. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. आईची भीती हसण्यावारी न्यायची नसते. मी स्वतः बांगड्या डब्यात भरून बसलेली बाई, मी कुणाला अंधश्रद्धा म्हणून शिकवू? थोडं टोचलं, नाही कशाला म्हणू. पण पोरगी माझ्या खुर्चीत बसणार. चार दिवसांपूर्वी तेवढंही नव्हतं.


मंगळ. २ डिसें.

सुनीताला चंद्रकोर येत नाही. टिकली चिकटवणारी बाई आहे ती. दुपारी लाजत आली. शिकवा म्हणाली. कुणाच्या कपाळावर शिकणार? प्राजूची हळद जवळ आलेली, पुन्हापुन्हा पुसून कपाळ लाल व्हायला नको.

मग मीच खुर्चीत बसले. तिनं माझ्या कपाळावर काढायला घेतली. पहिली वांग्यासारखी. दुसरी बरी, पण तिरकी. मी डोळे मिटून बसले होते, तिचा श्वास तोंडावर येत होता, मधेच जीभ चावायची. पुसायची, परत काढायची. अकरा झाल्या. शेवटची ठीक होती, पुसू नका म्हणाली. तशीच ठेवली. हे घरी आले तर बघतच राहिले. म्हणाले, आज काय विशेष? सांगितलं, सराव.

म्हणजे माझ्या कपाळाला हात लावायची तिला भीती वाटत नाही. हे मी तिला बोलून दाखवलं नाही.


बुध. ३ डिसें.

हळद, आणि कासारीण आली बांगड्या भरायला. मी मागं बसले होते. नवरीचा चुडा झाल्यावर बाकीच्या बायका एकेक पुढं सरकत होत्या. कासारणीनं माझा हात ओढला, तिनं क्लिप बघितलेली नसावी. किंवा बघितलेली असावी. "ताई, नंबर काय तुमचा," म्हणाली आणि भरल्या. सुनीता तिकडून बघत होती.

ओरखड्यांची खूण अजून आहे, बांगड्यांनी झाकली.

सागर आला होता शूटिंगला, लग्नाच्या. म्हणाला, आत्या, सिनेमाला नाव ठेवलं शेवटी. सांगू का? मी म्हटलं, लग्न होऊ दे.


गुरु. ४ डिसें.

मुहूर्त बारा पस्तीसचा. सकाळी साडेसातला कार्यालयाच्या वरच्या खोलीत प्राजू समोर बसली. दोन तास. हात एकदाही चुकला नाही. बेस, डोळे, ओठ, अंबाडा, गजरे, नऊवारीच्या निऱ्या. बोललो नाही फारसं. मधेच प्राजू म्हणाली, काकू, तोंड मिटून बसू का, पुसेल? मला हसताना सावरून घ्यावं लागलं, डोळ्यांत पाणी आलं तर काजळ माझं जाणार.

झालं. कपाळ तेवढं मोकळं. सुंदर दिसत होती पोरगी. सुनीताला बोलावलं.

शालू नेसून आली, ब्रश घेतला आणि हात थरथरायला लागला. दोन तारखेला अकरा काढलेला हात. ब्रश कपाळाजवळ न्यायची आणि मागं घ्यायची. खालून सनई, वर कुणीतरी गौरीहराला नवरी आणा म्हणून ओरडतंय. एक रेघ टेकली ती वाकडी, पुसली. प्राजू म्हणाली, आई, राहू दे, टिकली लाव. सुनीतानं मान हलवली. माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "धरा जरा."

मी मागून तिचं मनगट धरलं. मग बोटं. प्राजूनं डोळे मिटले. खालची कमान, वरची कमान, मध्ये ठिपका. हात थरथरला नाही.

तेवढ्यात भिंगारच्या विहीणबाई वर आल्या. दारात थबकल्या. बघत राहिल्या, चेहरा खुलला. जवळ येऊन हनुवटी वर केली. म्हणाल्या, काय सुरेख चंद्रकोर, कुणी काढली?

सुनीता म्हणाली, "मीच काढली की."

मग माझ्याकडं बघितलं तिनं. विहीणबाईंनीही. मी म्हटलं, हो, त्यांनीच.

लग्न छान झालं. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. हे तीनदा वाढून घेत होते. पाठवणीला प्राजू आधी आईच्या गळ्यात पडली आणि मग माझ्या. चंद्रकोर अजिबात हलली नव्हती. सुनीता आता घरी एकटी बसली असेल, थोड्या वेळानं चहा घेऊन जाते. तिची भीती गेली का, विचारणार नाही.

घरी आल्यापासून एकच आठवायचा प्रयत्न करतेय. ठिपका देताना ब्रश तिच्या बोटांत होता की माझ्या. खरंच सांगता येत नाही.